नांगर, वानर आणि मोडीचे रुमाल

किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे एक छोटेसे नियतकालिक निघू लागले. कारखान्याचा माल म्हणजे लोखंडी नांगर, उसाचे चरक, पाण्याचे रहाट, कडबा कापण्याची यंत्रे. तो घेणाऱ्या शेतकऱ्यांना आणि विकणाऱ्या एजंटांना कारखान्याची हालहवाल कळावी, एवढाच मूळ हेतू. संपादक शंकर वासुदेव किर्लोस्कर हे कारखान्याचे संस्थापक लक्ष्मणराव यांचे पुतणे. शिक्षण चित्रकलेचे, आणि कारखान्यात जाहिरात-विक्रीशी निकटचा संबंध. पुढे या मुखपत्राचे मराठीतले एक आघाडीचे मासिक झाले. नावातला ‘खबर’ शब्द गळाला, १९३० साली तिथूनच ‘स्त्री’ निघाले, १९३४ साली ‘मनोहर’. नांगराच्या कारखान्याने मराठी मध्यमवर्गाचे वाचन घडवावे, ही गोष्ट आपण इतक्यांदा ऐकली आहे की तिच्यात काही नवल आहे असे आता वाटतही नाही. ते नवल पुन्हा ध्यानात घ्यावे, त्याचे कारण शोधावे आणि ते सातारा-सांगलीच्या इतर लेखकांनाही लागू पडते का हे तपासून पाहावे, यासाठी ही प्रस्तावना.

माझे म्हणणे असे आहे. वाचक विषयाला भुलून लेखाकडे येत असेल, पण तो लेखात टिकतो तो लेखकाला त्या विषयाची जी ओढ आहे तिच्यामुळे. ओढ खरी असेल तर विषय कोणताही चालतो. ती नसेल तर शिवाजी महाराजांच्या आग्र्याहून सुटकेवरचे लेखनही कंटाळवाणे होते, आणि तसे कंटाळवाणे लेखन मराठीत थोडेथोडके नाही. प्रश्न एवढाच उरतो की ही ओढ खरी की आव आणलेली, हे वाचकाला कळते कसे. लेखक तर समोर नसतो. त्याचा चेहरा दिसत नाही, आवाज ऐकू येत नाही. वाचकाच्या हाती फक्त शब्द असतात. त्या शब्दांत जे तपशील येतात त्यांवरून तो पारख करतो. काही तपशील संदर्भग्रंथ चाळून मिळतात. काही मात्र विषयाच्या सहवासात वर्षेच्या वर्षे काढल्याशिवाय हाती लागत नाहीत. हा दुसऱ्या प्रकारचा तपशील दिसला की वाचक सावरून बसतो. लेखकाने ‘हा विषय अत्यंत रोचक आहे’ असे सांगण्याची मग गरजच उरत नाही. किंबहुना असे सांगणारा लेखक बहुधा त्या विषयाजवळ फार काळ बसलेला नसतो.

नांगराचेच उदाहरण घेऊ. लक्ष्मणरावांनी १९०३ साली बेळगावात लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन नासते, तिच्यात विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिले नांगर विकले जायला दोन वर्षे लागली असे सांगतात. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळचा माळ दिला आणि १९१० साली तिथे कारखाना आणि वसाहत उभी राहिली. आता ज्याला असा माल विकायचा आहे त्याच्यापुढे दोन वाटा असतात. एक, मालाची स्तुती करत राहायची. दुसरी, समोरच्या शेतकऱ्याला भीती कशाची वाटते ते समजून घ्यायचे. माती म्हणजे काय, फाळ तिच्यात किती खोल जातो, लाकडी नांगराने काय होत नाही, बैलावर ओझे किती पडते, हे त्याच्या शंकांच्या क्रमाने उलगडत जायचे. दुसरी वाट धरायची तर लेखकालाच नांगराचे कुतूहल हवे. किर्लोस्करांच्या घरात ते होते. शंकररावांनी पुढे लक्ष्मणरावांचे ‘यांत्रिकाची यात्रा’ हे चरित्र लिहिले. त्याच्या नावातच ‘यांत्रिक’ हा शब्द मानाने मिरवतो. यंत्र ही मनुष्याच्या बुद्धीची आनंदाने पाहावी अशी करामत आहे, ही त्यांची श्रद्धा होती. तीच श्रद्धा घेऊन ते समाजसुधारणेकडे, आरोग्याकडे, स्त्रियांच्या प्रश्नांकडे वळले. यंत्र का अडते हे विचारणारा माणूस रूढी का अडवते हेही त्याच जिज्ञासेने विचारू शकतो. सावरकरांचे विज्ञाननिष्ठेवरचे निबंध याच मासिकात छापले गेले, यात मला म्हणूनच काही योगायोग दिसत नाही.

शेतजमिनीचाच विषय निघाला आहे म्हणून परदेशातला एक दाखला देतो. चार्ल्स डार्विनचे शेवटचे पुस्तक १८८१ साली आले, ते गांडुळांवर. उत्क्रांतीचा सिद्धांत मांडून जगाची झोप उडवलेल्या माणसाने आयुष्याच्या अखेरीस गांडुळे पाळावीत, कुंडीतल्या गांडुळांना ऐकू येते का हे पाहण्यासाठी मुलाला बसून नावाचे फुंकवाद्य वाजवायला लावावे, त्या कुंड्या पियानोवर ठेवून सूर वाजवावेत, आणि गांडुळे पाने बिळात ओढताना टोकाकडून धरतात की देठाकडून याचे मोजमाप करत बसावे! हा विषय त्याने पहिल्यांदा १८३७ साली लंडनच्या भूविज्ञान संस्थेपुढे मांडला होता. म्हणजे चव्वेचाळीस वर्षे तो त्याच्या मनात घर करून होता. पुस्तकाच्या हजारो प्रती भराभर खपल्या. माणसाने नांगर शोधण्याच्या कितीतरी आधीपासून ही जमीन गांडुळे नांगरत आली आहेत, हा त्यातला विचार कुंडलच्या माळावर नांगर घडवणाऱ्यांनाही आवडला असता. इथेही वाचकांना गांडुळांची ओढ आधीपासून होती असे कोणी म्हणणार नाही. ती डार्विनने लावली.

पण या प्रस्तावनेचा मुख्य दाखला मला जुन्या कागदांचा वाटतो, कारण याहून रुक्ष विषय सापडणे कठीण. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली आला. त्यातले कागद वाईत मिळालेले होते आणि ते होते १७५० ते १७६१ या काळातले, म्हणजे पानिपतापर्यंतचे. हे कागद असतात कसे, ते जरा जवळून पाहू. फडक्यात बांधलेला रुमाल सोडला की आत घड्या घातलेल्या, बोरूने लिहिलेल्या मोडी पत्रांचा गठ्ठा निघतो. शब्द एकमेकांना जोडलेले, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा विधिनिषेध नाही. शेवटाकडे ‘छ’ हे अक्षर, त्यापुढे चांद्र तारखेचा आकडा आणि मग मुसलमानी महिना: रज्जब, साबान, जमादिलावल. वर्ष बहुतेक वेळा नसतेच. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ते ठाऊक असे, तिसरा कोणी दीडशे वर्षांनी वाचील हे त्यांच्या गावीही नव्हते. क्वचित सुहूर सन अरबी संख्याशब्दांत लिहिलेला असतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६१, म्हणजे इसवी सनाचे १७६०-६१, ज्या वर्षात १४ जानेवारीला पानिपत झाले ते. पत्र हाती पडल्याची, म्हणजे पैवस्तीची, तारीख कोणी कारकुनाने नोंदली असेल तर नशीब. मग पत्र किती दिवसांत पोहोचले, वाटेत कुठे अडकले असेल, याचा अंदाज बांधता येतो. नाहीतर मजकुरातला एखादा मुक्काम, एखाद्या नदीचा पूर, कुणाच्या मृत्यूची ओझरती बातमी धरून, तीच बातमी सनासह देणारे दुसरे पत्र सापडेपर्यंत थांबायचे.

हे काम पैशासाठी कोणी करत नाही, कारण त्यात पैसा नाही. मानासाठी करावे तर तोही फार उशिरा मिळतो. राजवाड्यांनी ते गावोगाव पायपीट करून, हाताने स्वयंपाक करून, घरोघरचे माळे आणि पेट्या धुंडाळून आयुष्यभर केले, आणि १९२६ साली धुळ्यात देह ठेवला तेव्हाही कागद त्यांच्याभोवती होतेच. पहिल्या खंडाची त्यांची दीर्घ प्रस्तावना आजही वाचताना खाली ठेववत नाही. तिच्यात कागदपत्रांच्या आधारे पानिपताच्या मोहिमेचा उलगडा आहे, बखरी कुठे घसरतात त्याची तपासणी आहे, आणि ग्रँट डफच्या इतिहासावर कडक टीका आहे. हा ग्रँट डफ साताऱ्यालाच १८१८ पासून काही वर्षे कंपनीचा अधिकारी होता. त्याचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे मराठ्यांच्या इतिहासाचा पहिला मोठा ग्रंथ साताऱ्यात जमवलेल्या साधनांवर उभा राहिला आणि त्याला खणखणीत उत्तर साताऱ्याच्याच वाईत सापडलेल्या कागदांनी दिले. कोण किती तारखेला कुठे होता, असल्या कोरड्या मुद्द्यांवरून राजवाडे वाचकाला ओढत नेतात, कारण प्रत्येक तारखेमागे त्यांनी स्वतः केलेला झगडा वाचकाला जाणवतो. ते निष्कर्ष सांगतातच, पण तिथवर कसे पोहोचले तेही दाखवतात. वाचक त्यांच्याबरोबर रुमाल सोडतो.

त्याच सुमारास मिरजेत वासुदेवशास्त्री खरे हे शाळेत संस्कृत शिकवत होते. पटवर्धन सरदारांच्या दप्तरावर त्यांचा जीव जडला. १८९७ पासून त्यांनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ काढायला सुरुवात केली आणि १९२४ साली वारले तोपर्यंत एकामागून एक खंड दिले. खऱ्यांची भाषा राजवाड्यांसारखी धगधगती नाही. ती शाळामास्तराची भाषा आहे: सरळ, न चिडणारी, विद्यार्थ्याला पुढचे समजायला मागचे काय ठाऊक हवे याचा विचार करणारी. पत्रे नुसती छापून त्यांनी हात झटकले नाहीत. पत्रांत विखुरलेल्या घटना जोडून सलग हकीकतही लिहिली, म्हणजे मोडीशी आणि पेशवाईतल्या नात्यागोत्यांशी ओळख नसलेल्या वाचकालाही वाट सापडावी. साताऱ्यात दत्तात्रय बळवंत पारसनीस यांची तऱ्हा आणखी वेगळी. पदवी नाही, पण कागद, चित्रे आणि हस्तलिखिते मिळवण्याचा ध्यास असा की मेणवलीचे नाना फडणिसांचे दप्तरही त्यांच्या संग्रहात आले. १९०८ ते १९१६ त्यांनी ‘इतिहाससंग्रह’ चालवले. तिघांचे स्वभाव तीन, लेखणीचे वळण तीन. समान होते ते त्या पिवळ्या कागदांवरचे प्रेम. म्हणूनच उत्साह हा एका ठरावीक शैलीचा गुण आहे असे मला वाटत नाही. खऱ्यांच्या शांत वाक्यांतही तो तितकाच आहे.

व्यंकटेश माडगूळकरांकडे आले की आपण कागदांच्या जगातून उघड्या माळावर येतो. माडगूळ हे आटपाडी तालुक्यातले, पूर्वीच्या औंध संस्थानातले गाव. पाऊस जेमतेम, बाभळी, मेंढरे, दुष्काळ. ‘माणदेशी माणसं’ १९४९ची आणि ‘बनगरवाडी’ १९५५ची. धनगरांच्या वाडीवर एक पोरगेला मास्तर शाळा चालवायला जातो, तालीम बांधली जाते, तिच्या उद्घाटनाला संस्थानचे राजे येतात, आणि शेवटी दुष्काळ वाडी मोडून टाकतो. एवढ्याशा कथेत वाचक गुंततो, कारण मेंढरू कसे चालते, धनगर कसा बसतो, पाहुण्याकडे कसा पाहतो, हे लेखकाने कुतूहलाने टिपलेले असते. पुढे हीच नजर रानाकडे वळली. हातात चित्रकाराची पेन्सिल होती. पक्षी, हरणे, झाडे यांची रेखाटने ते करत. ‘सत्तांतर’ या कादंबरीत माणूस जवळपास नाहीच. वानरांची टोळी, तिची हद्द, तिच्यावरचा ताबा आणि त्या ताब्यासाठीची झुंज एवढाच ऐवज. १९६०च्या दशकात धारवाडच्या परिसरात सुगियामा या जपानी संशोधकाने वानरांच्या टोळ्यांचा अभ्यास केला होता आणि नवा नर टोळी बळकावल्यावर पिल्लांना मारतो असे नोंदले होते. म्हणजे विषय प्राणिशास्त्रज्ञाचा. ‘सत्तांतर’ला १९८३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वानरे हुबेहूब माणसांसारखी रंगवली असती तर ही कादंबरी बोधकथा होऊन बसली असती. माडगूळकरांना वानरे वानरे म्हणूनच हवी होती. ती तशी हवी असणे, हीच त्यांच्या आस्थेची खूण.

यावर पहिला आक्षेप कसबी लेखकांकडून येईल. ते म्हणतील, माडगूळकर वाचनीय आहेत ते त्यांच्या गद्यामुळे. ओढ काय, हजार लोकांना असते. गावात एखादा मनुष्य असतो जो जुन्या नाण्यांवर बोलायला लागला की लोक उठून जातात. त्याची ओढ खोटी थोडीच असते? आक्षेप खरा आहे आणि त्याला बगल देऊ नये. पण त्या नाणेवाल्याचे बोलणे नीट ऐकले तर ते बहुधा नाण्यांविषयी नसते. आपल्याकडे किती आहेत, कुणाकडे नाहीत, आपल्याला कशी मिळाली, याविषयी असते. त्याची ओढ स्वतःच्या संग्रहावर आहे, नाण्यावर नाही. ज्याला नाणेच आवडते तो ते ऐकणाऱ्याच्या हातावर ठेवतो, उजेडात धरायला सांगतो, आणि टाकसाळीची खूण त्याला आपणहून दिसेपर्यंत थांबतो. हे थांबणे म्हणजेच निम्मी लेखनकला. शैलीचा उरलेला भागही पुष्कळदा विषयच शिकवतो. रानात बसणाऱ्याला गप्प राहावे लागते, थोडक्यात टिपावे लागते. माडगूळकरांच्या आखूड वाक्यांना ही शिस्त कुठून आली असेल याचा अंदाज करता येतो. कसब नको असे मी म्हणत नाही. कसब उसने घेता येते, सुधारता येते, संपादकाकडून दुरुस्त करून घेता येते. ओढीला मात्र अशी उसनवारी चालत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: उत्साहाने तोल जातो. इथे राजवाड्यांचेच नाव पुढे येईल आणि ते यायलाच हवे. त्यांच्या व्युत्पत्त्या, त्यांचे वंश-कुळांविषयीचे तर्क, संतांच्या शिकवणीविषयीचे त्यांचे कठोर शेरे यांतले पुष्कळ पुढच्या अभ्यासकांनी नाकारले. एक धागा हाती आला की त्यावरून ते आख्खे वस्त्र विणत. बाळासाहेब पंतप्रतिनिधींचेही असेच. हा राजा स्वतः चित्रे काढी, कीर्तन करी; त्याने वेरूळ-अजिंठ्यावर ग्रंथ लिहिले, औंधला चित्रसंग्रहालय उभारले. आधी युरोपातला प्रसिद्ध व्यायामपटू सँडो याच्या पद्धतीने व्यायाम करून पाहिल्यावर तो सूर्यनमस्काराकडे वळला आणि मग त्या विषयाचा इतका भोक्ता झाला की संस्थानातल्या शाळांत नमस्कार सक्तीचे केले, त्यावर पुस्तके लिहिली आणि ती परदेशातही पोहोचवली. नमस्कार घालताना कंबर, खांदे, श्वास यांचे काय होते हे तो सांगतो तेव्हा स्वतःच्या अंगाने शिकलेल्या माणसाचा अधिकार त्याच्या शब्दांत असतो. आरोग्याच्या बहुतेक तक्रारींवर हाच उतारा, असा सूर लागतो तेव्हा मात्र आजचा वाचक मागे सरकतो, आणि त्याने सरकावेच.

तरी या दोघांत एक फरक आहे, आणि माझ्या मते या सगळ्या वादाची किल्ली तिथेच आहे. राजवाड्यांनी आपल्या मतांबरोबर कागद छापले. प्रस्तावना पटली नाही तर पान उलटा, पत्र समोर आहे, तुम्हीच वाचा आणि मला खोडून काढा, अशी ती मांडणी होती. पुढच्या संशोधकांनी त्यांना खोडले ते पुष्कळदा त्यांनीच पुरवलेल्या साधनांनी. ज्या उत्साहाला आपल्या विषयाचे सत्य हवे असते तो पुरावा झाकून ठेवत नाही, कारण विषय आपल्या मतापेक्षा मोठा आहे हे त्याला मनोमन ठाऊक असते. जो उत्साह पुराव्याऐवजी अनुयायी मागतो, त्याच्यापासून जपून राहावे. तोल सांभाळायचा तर उत्साह कमी करून भागणार नाही. साधने अधिक मोकळी करावी लागतील.

वाईचाच आणखी एक दाखला माझ्या विरोधात देता येईल. मराठी विश्वकोशाचे काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली याच गावातून उभे राहिले, आणि विश्वकोशाची नोंद म्हणजे लेखकाचा रागलोभ पूर्ण वगळलेले गद्य. तिथे उत्साहाला वाव कुठला? पण वाईतल्या कोशकार्याची परंपरा पाहिली की उत्तर मिळते. प्राज्ञपाठशाळेत केवलानंद सरस्वतींनी मीमांसाकोशाचे काम केले, धर्मकोशाचे खंड तिथेच सुरू झाले. ही पिढ्यान्‌पिढ्या चालणारी कामे. अशा कामात लेखकाची आवड वाक्यात दिसत नाही, ती अचूकतेत दिसते: तीच संज्ञा तिसऱ्या खंडात एका अर्थाने आणि अकराव्यात दुसऱ्या अर्थाने येऊ नये यासाठी केलेल्या खटाटोपात. शिवाय हेही मान्य करावे की कोश वाचायचा नसतो, पाहायचा असतो. माझे विधान वाचायच्या लेखनापुरते आहे.

शेवटचा आक्षेप पैशाचा. किर्लोस्करांना नांगर विकायचे होते. मग त्यांचा उत्साह निखळ कसा मानायचा? आज तर हा प्रश्न जास्तच बोचतो, कारण उत्साह हाच एक विकाऊ माल झाला आहे. हळदीच्या फेसपॅकपासून कासच्या फुलांच्या सहलीपर्यंत प्रत्येक गोष्टीवर कोणीतरी भारावून लिहीत असते, आणि भारावण्याचे पैसे मिळत असतात. कास पठार २०१२ साली जागतिक वारशात गेल्यापासून त्याच्यावर किती लिहिले गेले, आणि त्यातले किती ‘स्वर्ग’, ‘गालिचा’, ‘रंगांची उधळण’ यांपलीकडे गेले? सड्याच्या जांभ्या कातळावर माती जेमतेम काही बोटे असते, पावसाळ्यात ती पाण्याने तुडुंब भरते आणि अन्नद्रव्ये धुऊन जातात, म्हणून तिथल्या काही वनस्पती किडे पकडून पोट भरतात. हे ज्याला गुडघे टेकून पाहावेसे वाटले तो दुसऱ्याला ते दाखवतो, बाकीचे छायाचित्रे टाकून निघतात. विक्रीचा हेतू असणे हा दोष नाही. दोष आहे तो विक्री संपली की विषयही संपण्यात. किर्लोस्करांच्या बाबतीत विषय संपला नाही, वाढत गेला. नांगरापासून निघालेले कुतूहल घरापर्यंत, बाईच्या शिक्षणापर्यंत, अंधश्रद्धेपर्यंत पोहोचले. ही कसोटी आजच्या कोणत्याही लेखनाला लावून पाहावी.

एक गोष्ट जाता जाता नोंदवतो. कुंडलचा माळ, माडगूळ आणि औंध ही तिन्ही ठिकाणे एकाच संस्थानातली. औंध संस्थान जेमतेम ७२ गावांचे, तेही तुकड्यातुकड्यांत विखुरलेले. तिथला राजा स्वतः अनेक विषयांचा नादी होता आणि दुसऱ्याच्या नादाला त्याच्या दरबारात किंमत होती. लाहोरहून आलेल्या पंडित सातवळेकरांनी वेदांच्या प्रकाशनाचे काम औंधमध्ये थाटले ते याचमुळे. एखाद्या मुलुखात विषयवेडी माणसे का निपजतात, याची कारणे नुसत्या पाण्यात किंवा मातीत शोधू नयेत. वेड जोपासायला कोणी जागा दिली, कोणी छापखाना दिला, कोणी दप्तर उघडून दिले, हेही पाहावे.

या पुस्तकातले लेख वाचताना वाचकांनी एवढेच करावे: आपल्याला ज्या विषयात अजिबात रस नाही असे वाटते तो लेख आधी उघडावा. आणि ज्यांना लिहायचे आहे त्यांच्यासाठी याच दोन जिल्ह्यांत अजून पुष्कळ शिल्लक आहे. मिरजेत सतार आणि तंबोरे घडवणारे कारागीर आहेत. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारा भोपळा कसा निवडायचा, कसा सुकवायचा, जवारी कशी काढायची, हे ज्ञान बोटांत आहे, कागदावर त्यामानाने फार थोडे. तासगावकडचे बेदाण्याचे शेड आहेत. सांगलीजवळच्या हरिपुरात जमिनीत खोल खणलेली हळदीची पेवे होती, ज्यांत हळद वर्षानुवर्षे टिकत असे. २००५च्या महापुराने त्यांतली पुष्कळ निकामी केली आणि ती खणणारे, भरणारे, उघडणारे हात आता म्हातारे झाले आहेत. त्या पेवांत उतरलेल्या माणसांशी बोलून, मापे घेऊन, माती पाहून कोणीतरी सविस्तर लिहायला हवे, आणि ते काम आणखी दहा वर्षे पुढे ढकलता येणार नाही.